उधव्याची तारीख

२ ऑगस्टला सिल्वासाला सुट्टी असते, १९ डिसेंबरला दमणला. दोन्ही मुक्तिदिन. झेंडावंदन होते, शाळांची मुले फेरी काढतात, भाषणे होतात. तलासरीहून दोन्ही ठिकाणे तासाभराच्या अंतरावर. पण आच्छाडच्या नाक्याच्या अलीकडे त्या दिवसांची काही खूण नसते. डहाणू-तलासरीत २ ऑगस्ट हा आवणीतला एक दिवस आणि १९ डिसेंबर हा भात झोडून झाल्यानंतरचा एक दिवस.

हे मला मनापासून खटकते. नगर हवेलीतून पोर्तुगीजांची सशस्त्र सत्ता गेली, त्या हकिकतीचा शेवट सिल्वासात झालेला नाही. तो तलासरी तालुक्यातल्या उधव्यात झाला, ११ ऑगस्ट १९५४ रोजी. त्याबद्दल वाचता-ऐकताना जे टिपत गेलो, ते इथे सुटे सुटे मांडतो.

०

आधी जागा समजून घ्यायला हवी. दमणगंगा नाशिकच्या डोंगरात उगम पावते, नगर हवेलीतून वाहते आणि दमणला समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी दमण बंदर: दक्षिण काठावर मोटी दमण, उत्तरेला नानी दमण, दोन्हीकडे किल्ले. आत, डोंगर-जंगलाकडे नगर हवेली. मध्ये दादरा, चिमुकला आणि वेगळा. या तिन्ही तुकड्यांवर पोर्तुगालचा अंमल, पण तिन्हींच्या मधली जमीन आधी ब्रिटिशांची, मग भारताची.

म्हणजे दमणच्या गव्हर्नराला सिल्वासाला चार शिपाई पाठवायचे झाले तरी परक्याच्या हद्दीतून जावे लागे. ब्रिटिशांच्या काळात ते परवानगीने चालले. जुलै १९५४मध्ये भारताने ती वाट बंद केली आणि समुद्राकडून येणारी कुमक थांबली. बंदर हातात होते, पण बंदरातून आत जायला रस्ता उरला नव्हता. नगर हवेलीचा निकाल निम्मा तिथेच लागला.

०

हा प्रदेश पोर्तुगीजांनी लढून घेतलेला नव्हता. तो पुण्याहून मिळाला होता. १७७२मध्ये मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे ‘सांताना’ हे लढाऊ जहाज पकडले. पुढे इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा पोर्तुगीज निदान शत्रूच्या बाजूला जाऊ नयेत, अशी पुणे दरबाराची गरज झाली. १७ डिसेंबर १७७९च्या तहात भरपाई ठरली: वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावे. ती १७८३ आणि १७८५मध्ये हवाली झाली. बहात्तर गावांचा हा परगणा.

एका जहाजापायी बहात्तर गावे दिली गेली. ती देताना त्या गावांतल्या वारली, कोकणा, धोडिया माणसांना कोणी विचारले असेल, असे मानायला आधार नाही. तहाच्या कागदावर गाव म्हणजे वसुलाचा आकडा. तो आकडा पुढे १७५ वर्षे लोकांच्या मानेवर बसला.

०

त्याच दरबाराने चाळीस वर्षे आधी पोर्तुगीजांना या किनाऱ्यावरून उठवले होते, हेही लिहून ठेवतो. डहाणूच्या खाडीकाठचा किल्ला पोर्तुगीजांचा होता. १७३९च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या मोहिमेत डहाणू, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकामागोमाग पडली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीजांकडे उत्तरेत शेवटी उरले ते दमण आणि दीव.

म्हणून परकी फौज हटवल्याचा दिवस डहाणूला धरायचा झाला, तर तो १७३९मधला. डहाणूचा किल्ला आज पाहणाऱ्याला किल्ला वाटत नाही, इतका तो वस्तीत आणि सरकारी कचेऱ्यांत मिसळून गेला आहे. दमणचा तट मात्र उभा आहे, कारण तिथली सत्ता आणखी २२२ वर्षे टिकली.

०

परकी फौज गेल्याचा दिवस दुसरीकडेही पाळतात. ट्युनिशियात १५ ऑक्टोबर हा राष्ट्रीय सुट्टीचा दिवस. तो देश २० मार्च १९५६ला स्वतंत्र झाला, पण बिझर्तचा नाविक तळ फ्रान्सने सोडला नाही. जुलै १९६१मध्ये तिथे लढाई होऊन शेकडो ट्युनिशियन मारले गेले. शेवटचा फ्रेंच सैनिक गेला १५ ऑक्टोबर १९६३ला. स्वातंत्र्य मिळून साडेसात वर्षे झाल्यावर.

बिझर्त आणि दमण यांची गोष्ट एका साच्यातली आहे. साम्राज्याला देशाचा पोटभाग सोडताना जड जात नाही, बंदर सोडताना जाते. बंदरात जहाज लागते, तोफ उतरते, जकात गोळा होते आणि नकाशावर आपला रंग राहतो. दमण १५५९पासून पोर्तुगीजांकडे होते. तिथे जहाजे बांधली गेली, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळव्याची अफू तिथून चीनकडे गेली. व्यापार संपला, बंदर गाळाने भरत गेले, तरी लिस्बनने त्यावरचा हक्क सोडला नाही. भारताचे स्वातंत्र्य १९४७चे आणि दमणचे १९६१चे. मधली चौदा वर्षे दमणगंगेच्या मुखाशी परका झेंडा होता आणि वापीच्या स्टेशनावर तिरंगा.

०

तलासरीच्या माणसांना मुक्ती हा विषय १९५४मध्ये नवा नव्हता. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि ठरले: वेठ करायची नाही. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचे नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी जन्मभर सावकाराकडे लग्नगडी म्हणून राहायचे नाही. त्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली होती. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथून या भागात आले होते.

मग गवतकापणीच्या मजुरीचा लढा: ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी गेले. तो दिवस तलासरीत आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. गोदावरीताईंनी ही सारी हकिकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. त्याला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या तालुक्याने इंग्रज जाण्याच्या दोन वर्षे आधी आपल्यापुरती एक मुक्ती मिळवली होती. सीमेपलीकडे खानवेल-दुधनीच्या पाड्यांवर मात्र तेच वारली, तीच आडनावे, त्याच सोयरिकी, आणि अंमल दुसऱ्याचा. इथे वेठ मोडली, हे तिथे कळायला वर्तमानपत्राची गरज नव्हती. बाजाराला आणि लग्नाला येणारी माणसे पुरेशी होती.

०

जुलै १९५४ची क्रमवारी.

२१ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सचे कार्यकर्ते दादऱ्यात शिरले. फ्रान्सिस मस्कारेन्हास आणि वामन देसाई पुढे होते. पोलीस ठाण्यावरच्या झटापटीत उपनिरीक्षक अनिसेतो रोझारियो मारले गेले. दादरा मोकळा झाला.

२८ जुलैला नरोली. आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक होते, सोबत गावकरी. ठाण्यावर मोजके शिपाई. दमणगंगेला पूर असल्यामुळे सिल्वासाहून मदत येऊ शकली नाही.

३१ जुलैला करमबेलीहून धो धो पावसात सिल्वासाकडे कूच. २ ऑगस्टच्या सकाळी सिल्वासात तिरंगा चढला. प्रशासक कॅप्टन विर्जिलियो फिदाल्गो आपले सुमारे दीडशे पोलीस घेऊन आधीच खानवेलकडे निघून गेला होता.

तीन ठाणी, बारा दिवस, आणि सगळा खेळ पावसाळ्यात. या भागातला जुलै ज्याने पाहिला आहे, त्याला वाट निवडणाऱ्यांचे धाडस कळेल. ओहोळ दुथडी, पायवाटा चिखलात बुडालेल्या. पण पूर दोघांनाही अडवतो, आणि तो कुठे ओलांडता येईल हे स्थानिक माणसालाच ठाऊक असते. नरोलीचा निकाल बंदुकांच्या संख्येवर लागलेला नाही.

०

त्या मोहिमेतली मराठी नावे ओळखीची आहेत. सुधीर फडके. त्यांच्या चाली घराघरांत पोचल्या होत्या, तेव्हा हा माणूस शस्त्रे आणि पैसा जमवण्याच्या कामात होता. राजा वाकणकर, नाना काजरेकर, बिंदुमाधव जोशी, विनायकराव आपटे. तरुण बाबासाहेब पुरंदरे. आझाद गोमंतक दलाकडून विश्वनाथ लवंदे आणि प्रभाकर सिनारी. खर्चासाठी लता मंगेशकर यांच्या गाण्याचा कार्यक्रम पुण्यात ठेवला गेला.

गाण्याच्या तिकिटांचे पैसे सिल्वासाच्या वाटेवर खर्च झाले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्या काळात कलावंत लढ्याला नुसत्या शुभेच्छा देत नव्हते. फडके स्वतः त्या वाटेवर चालले.

०

दुसरी वाट दक्षिणेकडची, तलासरीच्या अंगाची. परुळेकरांच्या मागे उभा असलेला वारली समाज आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते इकडून नगर हवेलीत शिरले. गोव्याचे जॉर्ज वाझ त्यांच्यासोबत होते. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना मुक्काम, वाट, भाषा, सगळे शोधावे लागले. तलासरीच्या लोकांना त्यातले काहीच शोधायचे नव्हते. ते सोयऱ्यांच्या गावांत जात होते.

पुढच्या काळात प्रत्येक बाजूने आपापली आठवण जपली. संघाच्या पुस्तकांत संघाचे स्वयंसेवक, गोमंतकीयांच्या आठवणींत गोमंतकीय, लाल बावट्याच्या सभेत लाल बावटा. मला या तिन्ही आठवणी खऱ्या वाटतात आणि एकटी कोणतीच पुरी वाटत नाही. दादरा, नरोली, सिल्वासा आणि खानवेल ही चार ठिकाणे एकाच गटाच्या हातून मोकळी झालेली नाहीत. परस्परांवर विश्वास नसलेले लोक एकाच पंधरवड्यात एकाच शत्रूवर चालून गेले. या लढ्याचे मोठेपण मला तिथे दिसते, आणि तसे ते सांगितले पाहिजे.

०

आता उधवा.

सिल्वासा सोडल्यावर फिदाल्गोपुढे दोन वाटा होत्या: लढणे किंवा भारताच्या हद्दीत जाऊन शरण येणे. दमणकडे जाता येत नव्हते. खानवेलच्या जंगलात तो काही दिवस राहिला. मागून स्वयंसेवक, पुढे भारताची सीमा आणि तिच्यावर राज्य राखीव पोलीस दल. त्या बंदोबस्ताचे प्रमुख होते पोलीस अधिकारी जमशेद नगरवाला. गांधीहत्येचा तपास करणारे तेच. ११ ऑगस्टला फिदाल्गोने उधव्याला भारतीय पोलिसांपुढे शस्त्रे खाली ठेवली.

खानवेलहून तलासरीकडे येणारा रस्ता उधव्यावरून येतो. आज त्यावरून एसटी, जीप, कंपनीला माणसे नेणारे टेम्पो धावतात. हा रस्ता शाळेच्या सहलीने चालावा असा आहे. एका युरोपीय सत्तेचा कप्तान आपल्या शिपायांसह याच वाटेने आला आणि अधिकार सोडून गेला. सिल्वासाला ठाणे मोकळे झाले, उधव्याला हत्यारे खाली आली. दुसरी गोष्ट झाल्याशिवाय पहिली पक्की झाली नसती. दीडशे बंदुका जंगलात राहिल्या असत्या, तर पाऊस ओसरल्यावर परत आल्या असत्या.

०

मुक्त झालेला प्रदेश लगेच भारतात आला नाही, हेही थोड्यांना माहीत असते. सात वर्षे दादरा-नगर हवेली स्वतःच्या कारभारावर चालली. वरिष्ठ पंचायत होती. आप्पासाहेब करमळकर पहिले प्रशासक. पोर्तुगीज टपाल तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारून ती वापरली गेली. १९६१च्या जूनमध्ये पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. करारावर सही करायला त्या प्रदेशाचा प्रमुख हवा, म्हणून भारतीय प्रशासन सेवेतले के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान केले गेले. पंडित नेहरूंसमोर त्यांनी सही केली. दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ला हा केंद्रशासित प्रदेश झाला.

११ ऑगस्ट, पुन्हा तीच तारीख. उधव्याच्या शरणागतीला त्या दिवशी बरोबर सात वर्षे झाली होती.

०

आणि हेग.

पोर्तुगाल २२ डिसेंबर १९५५ला आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मागणी अशी: दमणहून दादरा-नगर हवेलीत जायचा आमचा हक्क भारताने मोडला. भारताकडून मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. भारताने नेमलेले न्यायमूर्ती म्हणून एम. सी. छागला न्यायपीठावर होते.

तिथे, युरोपातल्या त्या इमारतीत, पेशव्यांच्या सनदा वाचल्या गेल्या. १७७९च्या तहाने पोर्तुगीजांना राज्य दिले की नुसता वसूल? न्यायालयाने मत दिले की मराठ्यांनी सार्वभौम सत्ता दिली नव्हती. दिला तो जहागीर किंवा सरंजामासारखा महसुलाचा हक्क. सत्ता पोर्तुगीजांकडे नंतर आली, ब्रिटिशांनी ती मान्य केल्यामुळे.

निकाल १२ एप्रिल १९६०चा. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्या-येण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. हा दुसरा भाग आठ विरुद्ध सात मतांनी ठरला. आणि भारताने १९५४मध्ये केले ते कर्तव्याविरुद्ध नव्हते, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी.

जगभरच्या विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय कायदा शिकणारी मुले हा खटला अभ्यासतात. दोनच देशांमध्ये रूढ झालेली वहिवाटही कायदा ठरू शकते, हे तत्त्व त्यांना दमण-सिल्वासा रस्त्याच्या उदाहरणावरून शिकवले जाते. डहाणूच्या महाविद्यालयातल्या मुलाला तो रस्ता घरून दाखवता येईल. त्याला हा खटला शिकवला, तर कायदा लांबच्या लोकांची गोष्ट आहे, असे त्याला वाटणार नाही.

०

दमणचा निकाल लष्कराने लावला. १८ डिसेंबर १९६१ला पहाटेच्या आधी मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन दमणवर चालून गेली. लेफ्टनंट कर्नल एस. जे. एस. भोसले तिचे प्रमुख. दिवसभर लढाई, धावपट्टीच्या आसपास जास्त. १९ तारखेला सकाळी पोर्तुगीजांनी शरणागती दिली. सुमारे सहाशे जण कैदी झाले. दोन्ही बाजूंची माणसे गेली. गोव्याचा मोठा विजय त्याच दिवशीचा, म्हणून दमणची लढाई त्याच्या सावलीत राहिली.

१७३९मध्ये वसई-तारापूरला मराठे लढले आणि १९६१मध्ये दमणला मराठा पलटण लढली, यात कोणी वंशाचा अभिमान शोधू नये, असे मला वाटते. तो पलटणीचा अभिमान आहे आणि तेवढा पुरेसा आहे. त्या जवानांत सातारचे, कोल्हापूरचे, रत्नागिरीचे, बेळगावकडचे शेतकऱ्यांचे मुलगे होते. बंदर परत आणायला तेच गेले.

०

सीमेबद्दल एक टिपण.

१९६०पर्यंत हा सगळा टापू मुंबई राज्यात होता. १ मे १९६०ला दोन राज्ये झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, तलासरीकडची गावे महाराष्ट्रात राहिली. म्हणजे १९५४च्या ऑगस्टमध्ये वापीहून उधव्याला येताना कोणी राज्य ओलांडत नव्हते. ज्या सीमेमुळे आज हा मुक्तिदिन आपल्याला परका वाटतो, ती सीमा त्या लढ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला. त्याचा वर्धापनदिन एक तारखेला आणि सिल्वासाचा मुक्तिदिन दोन तारखेला. दोन्ही दिवस शेजारी असून एकमेकांना ओळखत नाहीत.

झाईचा मच्छीमार आणि उंबरगावचा मच्छीमार एकाच पाण्यात जाळे टाकतात. उधव्याची मुलगी खानवेलला सून म्हणून जाते. लोकांनी ही सीमा कामापुरती मानली. आठवणींसाठी ती मानायचे कारण नाही.

०

मुक्तीनंतरचे.

पोर्तुगीज गेले तरी नगर हवेलीतली जमीन कसणाऱ्याच्या नावावर लगेच झाली नाही. जमीन सुधारणेचा नियम १९७१ साली आला, शरणागतीनंतर सतरा वर्षांनी. मग मधुबन धरण आले आणि काही गावे पाण्याखाली गेली. मग करसवलती आल्या आणि सिल्वासाच्या आसपास कारखाने उभे राहिले. तलासरी-डहाणूची मुले-मुली पहाटे टेम्पोत बसून तिथे पाळीला जातात, रात्री परततात. बहुतेक काम ठेकेदाराकडचे.

जिथे एके काळी परका शिपाई उभा होता, तिथे आज आपली मुले रोजीसाठी जातात, ही चांगली गोष्ट आहे. तिथला ठेकेदार त्यांना पुरे वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि सुट्टी देतो का, हा प्रश्न मात्र मुक्तिदिनाच्या भाषणात आला पाहिजे. झरीच्या सभेत मागितले होते ते हेच: केलेल्या कामाचा पुरा दाम आणि नाही म्हणण्याचा हक्क. झेंडा बदलला की हे आपोआप मिळते, असे १९४५च्या वारल्यांनी कधी मानले नाही. म्हणूनच मला ते त्या काळातले सर्वांत स्वच्छ विचार करणारे लोक वाटतात.

०

बंदराचा प्रश्न डहाणूपुढेही आहे. २० जून १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. १९९६मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसले. वाढवणला बंदर बांधण्याचा पी अँड ओ या परदेशी कंपनीचा प्रस्ताव त्या प्राधिकरणाने १९९८मध्ये नाकारला. २०२३च्या जुलैत प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला संमती दिली. जून २०२४मध्ये केंद्राने ७६,२२० कोटींच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे आणि तो संपलेला नाही.

वाढवणची तुलना मी दमणशी करत नाही. हे आपले सरकार आहे, निवडून दिलेले, कोर्टात खेचता येणारे. पण दमणच्या चार शतकांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: किनाऱ्याबद्दलचा निर्णय दूरच्या राजधानीत झाला आणि किनाऱ्यावरच्या माणसाला तो कळवण्यात आला, तर तो माणूस त्या बंदराला आपले म्हणत नाही. १७७९च्या तहात बहात्तर गावांना कोणी विचारले नाही. आज विचारण्याची सोय आहे: ग्रामसभा आहे, जनसुनावणी आहे. ती मनापासून वापरली जावी, एवढीच इच्छा.

०

शेवटी एक सूचना, तलासरी आणि डहाणूच्या शाळांना, ग्रामपंचायतींना, वाचनालयांना.

९ ऑगस्टला आदिवासी दिन आपल्याकडे मोठा होतो. तारपा वाजतो, गावेच्या गावे रस्त्यावर येतात. १५ ऑगस्टला झेंडावंदन. यांच्या मधली ११ ऑगस्ट ही तारीख उधव्याची म्हणून धरावी. वेगळी सुट्टी नको. एक सभा पुरे. खानवेलच्या शाळेला बोलवावे. नरोली-दादऱ्याच्या लोकांना बोलवावे. संघाच्या आठवणी सांगणाऱ्याला, किसान सभेच्या कार्यकर्त्याला आणि गोमंतकीयाला एकाच मंचावर बसवावे, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या माणसांची नावे घ्यावीत.

सगळ्यांत निकडीचे काम नोंदींचे. १९५४मध्ये जो दहा वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या पुढे आहे. पोर्तुगीज शिपाई उधव्याला आले तेव्हा पाड्यावर काय बोलले गेले, कोणाच्या ओटीवर ते बसले, त्यांना पाणी कोणी दिले, पोलिसांनी हत्यारे कुठे मोजली, हे सरकारी कागदात सापडणार नाही. ते आजोबा-आजींना विचारावे लागेल, वारलीत विचारावे लागेल आणि ते सांगतील तसेच वारलीत लिहून घ्यावे लागेल. नववी-दहावीच्या मुलांच्या हातात आज मोबाइल आहे, त्यात आवाज धरून ठेवता येतो. शिक्षकांनी त्यांना प्रश्न लिहून द्यावेत आणि पाड्यांवर पाठवावे. हे येत्या ११ ऑगस्टच्या आत सुरू व्हावे.